माटोळीचा सर्व्हर

आमच्या घरी सर्व्हर बसवायचा ठरला तेव्हा शेजारच्या भिकाजीने पहिला प्रश्न विचारला तो असा, की तो सोप्यावर बसणार की आत. भिकाजी मूळचा सावंतवाडीकडचा. आयुष्यभर डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवला आणि आता कोरगावात आमच्या कुंपणाला कुंपण लावून निवृत्त झाला आहे. त्याच्या मते घरात येणारी वस्तू एकतर पाहुण्यांना दाखवायची असते, नाहीतर पाहुण्यांपासून लपवायची असते. मी म्हटलं, आत, जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, मेजावर. त्यावर त्याने मान हलवली आणि सर्व्हरला वारा लागला पाहिजे, ट्रकच्या इंजिनालाही लागतो, असा पहिला सल्ला दिला. सल्ल्यांची सुरुवात ही अशी झाली.

आता मुळात हे खूळ निघालं कशावरून, तर माझ्या बायकोच्या माटोळीवरून. चवथीला गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, पानं, वेली बांधतात, ती माटोळी. गोव्यात हे समजावून सांगायला गेलो तर लोक हसतील, पण हे लिखाण उद्या पुण्याबिण्यात कुणाच्या हाती पडलं तर पंचाईत नको. आमच्या भागातलं एक मंडळ माटोळीची स्पर्धा घेतं. बाजारातून विकत आणून बांधणारे फार झाले म्हणून मंडळाने नियम केला, की प्रत्येक फळापानाचा झाडावर असतानाचा फोटो लागेल. विमलाचा गेल्या वर्षी दुसरा नंबर आला. पहिला आला तो वरच्या वाड्यावरच्या, म्हणजे वरच्या वस्तीतल्या, कमलवैनींचा. तेव्हापासून आमच्या घरात त्या विषयावर कुणी बोलत नाही, पण त्या विषयाशिवाय दुसरं काही घडतही नाही.

पाऊस लागला की विमला 'नार्वेला माहेरी जाऊन येतंय' म्हणून निघते आणि गुडघ्यापर्यंत चिखल व मोबाईलभर फोटो घेऊन परत येते. ती कुठे कुठे जाते हे मला ठाऊक नव्हतं. माटोळी बांधणारी माणसं बँकेतली ठेव सांगतील, पण कुठलं फळ कुठल्या कड्याखाली लागतं ते सख्ख्या बहिणीला सांगत नाहीत. मला न सांगण्याचं कारण तिने लग्नानंतर लवकरच स्पष्ट केलं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही, असं तिचं मत आहे. ते मत वाड्यावर सर्वमान्य असल्यामुळे मी त्याला कधी हरकत घेतली नाही.

यंदा श्रावणात तिच्या मोबाईलने जागा संपल्याचं जाहीर केलं. कवंडळाचा फोटो काढावा तर कांगलाचा पुसावा लागे. मी म्हटलं, एवढंच ना, घरातच सोय करतो. मी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. कागद कुठे ठेवायचे हा प्रश्न मी हयातभर सोडवला आहे, तिथे फोटोंची काय कथा.

माझा भाचा साईश तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे कंप्युटर बघतो. तो रविवारी जेवायला आला, माशाची आमटी जेवला आणि माळ्यावरचा जुना कंप्युटर खाली काढून त्यात लिनक्स घालून गेला. फोटो सांभाळणारा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवायचा, असं त्याने सांगितलं. कंटेनर म्हणजे काय, तर प्रोग्रॅमला दिलेली स्वतंत्र बंद खोली. मला ते लगेच पटलं. आपण भाडेकरूला मागची खोली देतो तसंच: चूल वेगळी, वाट वेगळी, त्याची भांडणं आपल्यापर्यंत येत नाहीत. ह्या खोल्या बांधणारी आणि सांभाळणारी अवजारं पॅकेज मॅनेजरकडून मागवायची. तो लिनक्सचा कोठीवाला. 'मामा, चार ओळींचं काम आहे,' असं म्हणून साईशने त्या ओळी व्हॉट्सॲपवर पाठवल्या आणि तो गेला. चार ओळींचं काम म्हटलं की मला कचेरीतले दिवस आठवतात आणि अंगात उत्साह येतो.

पहिल्या ओळीलाच यंत्राने पासवर्ड मागितला. मी लिहू लागलो तर पडद्यावर काहीच उमटेना. साधी चांदणीसुद्धा नाही. मी कीबोर्ड उलटा करून झाडला, त्यातून थोडा चिवडा पडला. भिकाजीने सुचवलं की वरून दोन थापट्या द्याव्यात. साईशला फोन केला तेव्हा कळलं की ते तसंच असतं, किती अक्षरं लिहिली हेसुद्धा ते बाहेर कळू देत नाही. हे ऐकून माझा त्या यंत्राविषयीचा आदर एकदम वाढला. गोपनीय शाखेत मी अशी माणसं शोधत होतो, पण मिळाली नाहीत.

मग त्याने सांगितलं की कोठीला कुलूप आहे, दुसरं कुणीतरी आत काम करत आहे, थांबा. घरात दुसरं कुणीच नव्हतं. पण खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाने हुज्जत घालू नये हे मला खिडकीच्या आतल्या बाजूने शिकायला मिळालं आहे. मी थांबलो. भिकाजी म्हणाला, मेन स्विच काढा, दारात उभी गाडी हलत नसेल तर आपण बॅटरी काढतो. मी त्याला चहा दिला. चहा संपेपर्यंत आतलं काम संपलं. यंत्र स्वतःचीच जुनी कामं उरकत होतं, असं साईश नंतर म्हणाला. मला वाटतं त्यालाही जेवणाची सुट्टी असावी.

त्यानंतर सहीचं निघालं. ज्या भांडारातून अवजारं यायची त्या भांडाराची सही ओळखता येत नाही, सबब माल घेता येणार नाही. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. मी मात्र उठून आत गेलो आणि विमलाला म्हटलं, हे बघ, ह्याला म्हणतात कामाची पद्धत, अनोळखी सहीचा कागद पुढे सरकत नाही. ती नारळ खवत होती. तिने फक्त विचारलं की माझे फोटो कधी आत जातील. साईशने फोनवरून नमुना सही कुठून आणून कुठे ठेवायची ते सांगितलं आणि गाडी पुढे सरकली. आता यंत्राने विचारलं की ह्या एका अवजाराबरोबर आणखी पुष्कळ मंडळी येणार आहेत, चालेल का. आमच्याकडे एका घरी आमंत्रण गेलं की वाड्यावरचं एकही घर वगळता येत नाही, तेव्हा मी मोठ्या मनाने हो म्हटलं.

मंडळी निम्म्या वाटेवर असताना भिकाजीच्या माडाचं चुडत, म्हणजे झावळी, इंटरनेटच्या तारेवर पडलं. तार तुटली. केबलवाला आला, वर बघितलं आणि म्हणाला की तार माझी, पण खांब माझा नाही, खांबावर चढायला खांबवाल्यांची परवानगी लागेल. खांबवाले म्हणाले की खांब आमचा, पण त्यावर ती तार असल्याची आमच्याकडे नोंदच नाही, म्हणजे जी तार नाही ती तुटणार कशी. मग दोघांनी मिळून माड कुणाचा याची चौकशी सुरू केली. भिकाजी म्हणाला, माड माझा असला तरी चुडत वाऱ्याचं. मी शेवटी माझं जुनं पेन काढलं आणि दोघांना विषय, संदर्भ आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं सगळं घालून अर्ज दिले. दुसऱ्या दिवशी केबलवाल्याने शिडी आणून गुपचूप तार जोडली. अर्जातलं शेवटचं वाक्य त्याला समजलं नव्हतं आणि त्यामुळे तो घाबरला होता.

अवजारं बसली. मग कळलं की मला ती वापरण्याचा अधिकार नाही. त्यासाठी एका गटाचा सभासद व्हावं लागतं. झालो. तरी नाही. सभासदत्व पुढच्या खेपेपासून लागू होतं, आधी यंत्रातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा लागतो. आमच्या सोसायटीतही तसाच नियम आहे, फक्त तिथे पुढची खेप म्हणजे पुढची वार्षिक सभा.

उरली शेवटची ओळ, भाडेकरूला खोलीत आणून बसवण्याची. साईशने पाठवलेली ती ओळ भलतीच लांब होती. मधेच एक शेपूट होतं, कुठल्याशा फोल्डरचा दोनदा पत्ता देणारं. त्याने फोनवर काहीतरी बजावलं होतं, पण तेव्हा भिकाजी माडाबद्दल बोलत होता. आता मी किती मसुदे तपासले असतील त्याला गणती नाही. एकाच मसुद्यात एकच पत्ता दोन तऱ्हेने आला की मी तो लाल शाईने काढत असे. मी ते शेपूट कापलं. ओळ सुटसुटीत झाली आणि मुख्य म्हणजे चालली.

फोटोंची खोली पडद्यावर उघडली तेव्हा विमला पदराला हात पुसत मेजाशी आली. मी तिचे सगळे फोटो आत नेले, एकेक मोठा करून दाखवला आणि मग तिचा मोबाईल धुऊन पुसून मोकळा करून दिला. ती खूप हसली. मी त्या आठवड्यात वाड्याला चहा दिला, पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव आणि पातळभाजी. सर्व्हर पाहायला कमलवैनीही आल्या, त्यांचा पेडण्यात मोबाईलचं दुकान असलेला जावई घेऊन. जावयाने माहिती दिली की हल्लीच्या फोटोत तो कुठे काढला ती जागासुद्धा लिहिलेली असते. कमलवैनी एकदम मेजाच्या जवळ सरकल्या. विमलाने पडदा बंद केला आणि चहा निवतो म्हणाली. मी मात्र ऐटीत सांगून टाकलं की चवथीला या, सगळ्या वाड्याला उघडून दाखवतो.

चवथीआधीची साफसफाई आमच्याकडे कडक असते. माळे उतरतात, पितळ घासलं जातं, वर्षभर न लागलेली वस्तू उंबऱ्याबाहेर जाते. विमलाने बजावलं होतं की घरात जुनं काही शिल्लक दिसता कामा नये. मी पंखे पुसले, कपाटं हलवली आणि शेवटी मेजाशी आलो. कंप्युटर बाहेरून पुसला. मग मनात आलं, आत काय परिस्थिती आहे? आत पहिल्या दिवसांतल्या माझ्या फसलेल्या प्रयत्नांच्या खोल्या तशाच पडून होत्या. झाडलोटीचीही एक कमांड असते, ती मी शोधून काढली. कपाटामागचं झाडताना कपाट थोडं सरकवतो, तसा मी फोटोंचा कंटेनर तेवढ्यापुरता थांबवला. यंत्राने विचारलं की थांबलेलं सगळं कायमचं जाईल, नक्की ना. चवथीच्या तोंडावर असल्या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस आमच्या गावात जन्मलेला नाही. किती जागा मोकळी झाली याचा भला मोठा आकडा पडद्यावर आला, तो दाखवायला मी विमलाला हाक मारली.

ती आली. मी तीच ओळ पुन्हा चालवून फोटोंची खोली उघडली. खोलीने आमचं स्वागत केलं आणि पहिला फोटो घालण्याची विनंती केली.

साईश संध्याकाळी तुयेहून तसाच आला. त्याने दोन तास खटपट केली आणि मग माझ्याकडे न बघता सांगितलं की ते शेपूट म्हणजे फोटो खोलीबाहेर, घरमालकाच्या पेटीत ठेवण्याची सोय होती. ती नसल्यामुळे फोटो भाडेकरूच्याच सामानात राहिले आणि भाडेकरूला मी सामानासकट घालवून दिलं. ते आता परत येणार नाहीत. 'मामा, ते कशाला काढलंत?' एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, दुबार होतं.

विमला कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसली होती. ती ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिने उठून मला चहा करून दिला, साखर बरोबर घातली आणि माटोळीची चौकट, जी तिने त्याच दिवशी धुऊन उन्हात ठेवली होती, ती उचलून परत माळ्यावर टाकायला निघाली. तेव्हा मला फार वाईट वाटलं. नोकरीत माझ्यावर ताशेरे आले, बदल्या झाल्या, पण इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मी चौकटीचं एक टोक धरून ठेवलं आणि म्हटलं की यंदा मी म्हणशील तिथे येतो, म्हणशील ते करतो, फक्त ही वर टाकू नको. तिने चौकटीचं आपलं टोक खाली टेकवलं.

"फाल्यां सकाळीं स्कूटर काढा," ती म्हणाली. "आनी वाटेर कितेंय विचारू नाकात."

सकाळी आम्ही पहिल्यांदा नार्वेला गेलो, सप्तकोटीश्वराच्या देवळात. आमच्याकडे महत्त्वाच्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. ते सहसा पुरुष माणूस घालतो आणि बाकीचे 'हय म्हाराजा' म्हणतात. त्या दिवशी विमलाने नारळ ठेवला, हात जोडले आणि स्वतःच सुरुवात केली.

"देवा म्हाराजा, हो माझो घोव. गुणान बरो आसा, पूण तोंड राखना. आज ह्याका माझी वाट दाखयतंय. ह्याणें ती खंय उलयली तर जन्मभर ह्याका चवथीची नेवरी मेळची न्हय."

नेवरी म्हणजे आमच्याकडची करंजी. आजूबाजूला कुणी नसल्यामुळे मलाच म्हणावं लागलं. मी म्हटलं, "हय म्हाराजा."

पुढचे दिवस आम्ही हिंडलो. नागकुडा, करमल, शेरवडं, फागलां ही आपली कुंपणाकुंपणावरची मंडळी, ती पटापट मिळाली. उरलेल्यांसाठी आम्ही स्कूटर एका जागी ठेवली आणि चालू लागलो. कोणत्या जागी, ते विचारू नका. मी दोनदा घसरलो, एकदा जळू लागली, छत्री ओढ्यातून वाहून गेली आणि पायातली एक चप्पल अजून तिथेच आहे. विमला मात्र पुढे सरसर चालली होती. कुठल्या दगडाला वळसा घालायचा, कुठल्या फांदीखालून वाकायचं, सारं तिच्या पायांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तिला असं चालताना मी पाहिलंच नव्हतं आणि मला तिचा फार अभिमान वाटला. शेवटी एका ठिकाणी ती थांबली आणि तिने वर बोट दाखवलं. तिथे एका वेलीला एक फळ लागलं होतं. त्याचं नाव सांगितलं तर जाणकाराला जागा कळेल, म्हणून तेही सांगत नाही. मी फांदी धरली, तिने फोटो काढला. घरी आल्यावर मी मेजाकडे नुसतं पाहिलं, तर ती म्हणाली की फोटो मोबाईलातच राहतील. पेडण्यातून ते कागदावर छापून आणून तिने फाइलीत लावले.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. त्यांच्यामागून वाडा आला, त्यात भिकाजी पुढे आणि कमलवैनी जावयासह त्याच्याही पुढे. परीक्षकांतले एक गृहस्थ पूर्वी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांनी माटोळीखाली उभं राहून ते फळ पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि हे आमच्या भागातलं मी आज पहिल्यांदा बघतोय असं म्हणाले. कुठे मिळालं, असं त्यांनी विचारलं. विमलाने 'रानांत' असं उत्तर दिलं. ते हसले, फाइल चाळली, खुणा केल्या आणि पुढच्या घरी गेले. त्यांच्या चेहऱ्यावरून पहिला नंबर विमलाचा हे वाड्याला कळलं, आणि पुढे तसंच झालं.

वाडा मात्र हलला नाही. कमलवैनी मेजाकडे वळल्या.

"रानांत म्हणजे खंय, तां तुमच्या यंत्रात आसतलां," त्या म्हणाल्या. "भावोजी, उघडून दाखयतलंय म्हणून तुमीच सांगलेलां. जावई हय आसा, तो बघतलो."

जावई कदेल ओढून बसलाच. मी विमलाकडे पाहिलं. ती समईत तेल घालत होती आणि तिचा हात थांबला होता. नाही म्हणालो असतो तर त्यांनी मोबाईल मागितला असता. घरी आलेल्या पाहुण्याने मोबाईल बघायला मागितला तर चवथीच्या दिवसांत नाही म्हणता येत नाही. आणि त्या फोटोंत जागा लिहिलेली होती. यंत्र बिघडलंय असं म्हणालो असतो तर जावयाने ते दुरुस्त केलं असतं. सगळा वाडा उभा होता. माझ्या सर्व्हरचा चहा प्यायलेला एकूण एक माणूस तिथे होता.

मी घसा साफ केला आणि कचेरीतल्या आवाजात सांगितलं की यंत्र रिकामं आहे. साफसफाई करताना मी माझ्या हाताने सगळे फोटो कायमचे पुसले. यंत्राने विचारलं होतं, मी हो म्हटलं. आता कागदावर आहेत तेवढेच, आणि कागदावर जागा लिहिलेली नसते.

मग भिकाजी हसू लागला. तो भिंतीला टेकून हसला, मग खाली बसून हसला. जावयाने यंत्र उघडलं, रिकामी खोली सगळ्यांना दाखवली, आणि मग वाडा मोकळेपणाने हसला. एवढा खर्च, एवढे अर्ज, एवढा चहा, याची उजळणी झाली. कमलवैनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"यंत्रात नाय तर नाय," त्या म्हणाल्या. "पण तुमका जागा ठावक आसतली."

"मला?" मी म्हटलं. "कमलवैनी, मला जागा सांगायला ही काय वेडी आहे?"

यावर वाड्याचं तात्काळ एकमत झालं. खुद्द कमलवैनींनीही मान डोलावली, आणि भिकाजी म्हणाला की ह्याला सांगण्यापेक्षा ध्वनिक्षेपक लावलेला बरा. मंडळी प्रसाद घेऊन, माझ्या पाठीवर थापट्या मारून, हसत हसत पायऱ्या उतरली. वरच्या वाड्यावर पोचेपर्यंत ती हसत होती, कारण वळणावरून आवाज येत होता. हेडक्लार्क म्हणून मिळवलेली सगळी पत एका दुपारी गेली. मी मेजापाशी तसाच उभा राहिलो.

विमला आतून ताट घेऊन आली. ताटात नेवऱ्या होत्या, रचून. तिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि दाराकडे एकदा बघून घेतलं.

"आनीक एक जागा आसा," ती हळू म्हणाली. "ती माझ्या आवयकय ठावक नाशिल्ली. गणपतीचें विसर्जन जालें की आपण दोगांय जावया."

मी नेवरी उचलली. कुठे, असं विचारलं नाही.